उन्हाळ्यात तडकलेला निलगिरीचा डिजरिडू: भेग कधी भरावी, कशी भरावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मावसभावाने डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून निलगिरीच्या खोडाचा डिजरिडू आणला. डिजरिडू म्हणजे तिथले फुंकून वाजवायचे लांब पोकळ लाकडी वाद्य, हा सव्वा मीटरच्या आसपास लांब. घर नागपुरात प्रतापनगरला, वाद्य कूलरच्या खोलीत भिंतीला टेकवून उभे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात खालच्या रुंद तोंडापासून वर ३५ सेंटीमीटर गेलेली भेग दिसली. टोकाला ती जवळजवळ ३ मिलिमीटर रुंद आहे. फुंकायच्या तोंडाजवळ आणखी एक केसासारखी चीर आहे. फेविकॉलमध्ये भुसा कालवून भेग भरली, तो आठ दिवसांत सुटून आला. आता ओळखीच्या सुतारांनी एम-सील ठासून भरायला सांगितले आहे. भरू का, हा प्रश्न.

नका भरू. निदान या महिन्यात तरी नाही.

मी नागपूरच्या महाल भागात बरीच वर्षे लाकडी वाद्ये दुरुस्त करतो आहे. तबल्याची खोडे, हार्मोनियमच्या पेट्या, बासऱ्या, तंबोऱ्याचे भोपळे हे रोजचे काम. डिजरिडू क्वचित येतो, आतापर्यंत दहा-बारा हातांखालून गेले असतील. त्यातला पहिला मी बिघडवला, आणि तो कसा बिघडला हे सांगितले की तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर होते. ऐन मेमध्ये तो आला होता. भेग ४ मिलिमीटरची, स्वच्छ, सरळ. मी ती कडक इपॉक्सीने, म्हणजे एम-सीलच्याच जातीच्या, दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या पदार्थाने काठोकाठ भरली, घासून गुळगुळीत केली. मालक खूश, मीही खूश. ऑगस्टमध्ये ते वाद्य परत आले. भरलेला भाग जागच्या जागी घट्ट होता, पण त्याच्या वर वीतभर नवी भेग धावली होती. पावसाळी हवेत लाकूड फुगले, भेग मिटायला निघाली, आणि मध्ये माझा दगडासारखा भराव अडला. सरपण फोडताना खोडात पाचर ठोकतात, तेच काम मी त्या वाद्यावर करून ठेवले होते. एवढेच की घाव मेमध्ये घातला आणि लाकूड ऑगस्टमध्ये फुटले.

म्हणून भेगेची रुंदी ही त्या महिन्याची रुंदी समजायची. आज जी ३ मिलिमीटर दिसते ती ऑक्टोबरात कदाचित १ असेल. हवेत २० टक्के आर्द्रता असताना लाकडात मुरलेले पाणी त्याच्या वजनाच्या चार-पाच टक्क्यांवर येऊन थांबते, ८० टक्के आर्द्रतेला ते पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत चढते. नागपूरची मेमधली दुपार आणि ऑगस्टमधली सकाळ ही जवळजवळ याच दोन टोकांची हवा आहे. लाकूड लांबीला फारसे आटत नाही, ते घेराला आटते. सागवान हे त्यातले शांत लाकूड, तरी त्याचेही घेराच्या दिशेचे आटणे गाभ्यापासून सालीकडच्या आटण्याच्या दुपटीहून जास्त असते. निलगिरीच्या जाती तर आटण्याबद्दल बदनामच आहेत. दोन दिशांना दोन वेगळे हिशेब लागले की खोडाला तडकण्यावाचून वाट उरत नाही. ते पोकळ असल्याने भरीव ओंडक्यापेक्षा कमी तडकते एवढाच दिलासा. याच कारणाने जाड भिंतीचा डिजरिडू पातळ भिंतीच्या डिजरिडूपेक्षा लवकर फुटतो.

तुमच्या बाबतीत कूलरने भर घातली आहे. कूलर सुरू असताना खोली ओलसर, बंद झाला की दोन तासांत कोरडी ठणठणीत. वर तुम्ही वाजवता तेव्हा श्वासाची वाफ आतून भिंत भिजवते, बाहेरून मात्र ती वाळतच असते. आतला थर फुगतो, बाहेरचा आटतो, आणि बाहेरची कातडी ताणली जाते. भेगा बहुतेक टोकांपासूनच का सुरू होतात हेही यातच आले. टोकाला लाकडाच्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, तिथून ओल अंगापेक्षा कितीतरी पट वेगाने निघून जाते.

आता आज काय करायचे ते सांगतो. कूलरच्या खोलीतून वाद्य हलवा. घरातली सर्वांत स्थिर हवेची जागा शोधा. बहुधा ती मधल्या खोलीतले कपाट असते. गच्चीवरची खोली नको, गाडीची डिकी तर नकोच. पेन्सिलीने भेगेच्या वरच्या टोकाला बारीक आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. रंगावर नाही, उघड्या लाकडावर. दर रविवारी पाहा, भेग रेघेच्या पुढे सरकली का. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणा, ती उभी चिरून तीनेक सेंटीमीटर रुंदीची पट्टी काढा आणि भेगेवर बँडेजसारखी, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत, ताणून गुंडाळा. ही पट्टी हवा अडवते, भेगेला दोन्हीकडून हलका दाब देते, आणि लाकूड हलले की स्वतःही हलते. ट्यूब लावल्यावर वाद्य वाजेल, पण उन्हाळा संपेपर्यंत दिवसाला दहा मिनिटांपलीकडे वाजवू नका.

मेण भरून तात्पुरते भागवावे असे कोणी सांगेल. वाजवणाऱ्याच्या दृष्टीने ते चुकीचे नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात अर्नहेम लँडमध्ये, जिथले हे मूळ वाद्य, तिथले वादक गळती मेणाने बुजवतात, वरून टेपही गुंडाळतात, आणि वाजवण्याआधी आतून पाणी फिरवून बारीक चिरा मिटवतात. तिथल्या सवयीला ते शोभते. पण तुम्हाला पुढे पक्की दुरुस्ती करायची आहे, आणि मेण एकदा लाकडाच्या रेषांत शिरले की तिथे कोणताही चिकट पदार्थ धरत नाही. तेलाचेही तसेच. भेग दिसली की घाबरून तेल चोपडणारे लोक मी रोज पाहतो. आधी चिकटवणे, मग तेल, हा क्रम कधीही उलटा करू नका. पाणी फिरवण्याची पद्धतही मी नागपुरात मेमध्ये सुचवणार नाही. इथे ते पाणी तासाभरात उडते आणि प्रत्येक भिजण्या-वाळण्यासरशी भेग थोडी थोडी वाढते.

दुरुस्तीआधी एक गोष्ट नक्की करा. हे वाद्य खरोखर एका खोडाचे आहे ना? डार्विनहून आले असेल तर बहुधा आहेच. तिथल्या निलगिरीच्या जाती, विशेषतः डार्विन स्ट्रिंगीबार्क, वाळवी आतून पोखरते आणि बाहेरचे कठीण लाकूड सोडते. अशी पोकळ खोडे शोधून वाद्य करतात. तोंडातून टॉर्च मारून पाहिले तर आतली भिंत ओबडधोबड, वाळवीच्या वाटांनी भरलेली दिसते. आत गुळगुळीत एकसारखी नळी आणि समोरासमोर दोन सरळ उभ्या रेघा दिसल्या तर वाद्य दोन अर्धुके कोरून जोडलेले आहे. सागवानाचे असे डिजरिडू इंडोनेशियातून पुष्कळ येतात. त्यात पडलेली फट ही भेग नसून सुटलेला सांधा असतो, आणि तो जुना गोंद खरवडून नव्याने जोडायचा असतो. तो वेगळा विषय, तुमचा नाही.

मग गळती शोधा. रात्री खोलीत अंधार करून आत मोबाइलचा दिवा किंवा एलईडीची माळ सोडा आणि बाहेरून पाहा. जिथून उजेड येतो तिथे भेग आरपार आहे. जिथे येत नाही तिथे ती बहुधा वरवरची आहे आणि तिला हात लावायची गरज नाही. वरवरच्या चिरा निलगिरीच्या अंगावर असतातच, त्या भरत बसल्याने काही साधत नाही.

तुमच्या दोन भेगांपैकी आवाजाला मारणारी कोणती, हे इथे समजून घ्या, कारण तुम्ही ३ मिलिमीटरच्या भेगेने घाबरला आहात आणि केसासारखीकडे दुर्लक्ष केले आहे. वाजताना नळीतला हवेचा दाब सर्वांत जास्त हेलकावतो तो ओठांपाशी, आणि उघड्या टोकाकडे जाताना जवळजवळ शून्यावर येतो. म्हणून वरच्या वीतभरातली सुईएवढी गळतीही मूळ स्वर खाऊन टाकते. ओठ थरथरतात पण वाद्य साथ देत नाही, आणि वादक उगाच जोर लावून दमतो. खालच्या टोकाची रुंद भेग मात्र मूळ स्वराला फारसे दुखवत नाही. तिची भीती वेगळी आहे, ती वर चढत जाईल ही. तेव्हा केसासारखी चीर आत्ता बुजवा आणि खालच्या भेगेला थांबायला लावा.

केसासारख्या चिरेसाठी पाण्यासारखे पातळ सायनोअॅक्रिलेट घ्या. घरोघरी फेविक्विक म्हणून जे असते त्याच जातीचे, पण हॉबीच्या दुकानात अधिक पातळ मिळते. फुंकायच्या तोंडावरचे मेण आधी पूर्ण काढून ठेवा. चिरेच्या दोन्ही कडांना कागदी टेप लावा, नाहीतर लाकडावर काळपट डाग राहील. चीर वर येईल असे वाद्य आडवे ठेवा आणि एकेक थेंब सोडत जा. चीर तो स्वतःच ओढून घेते. ओढणे थांबले की थांबा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उजेड लावून पाहा. खिडकी उघडी असू द्या आणि सांडलेले सुती फडक्याने पुसू नका. कापूस या पदार्थाबरोबर एकदम तापतो, बोट भाजते.

आता मोठी भेग. माझ्या मते आपल्याकडे तिची योग्य वेळ दिवाळीच्या आगेमागे, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. पावसाची ओल उतरलेली असते आणि कोरडी हवा अजून सुरू झालेली नसते. लाकूड आपल्या वर्षभराच्या हालचालीच्या साधारण मध्यावर असते. तोवर थांबणे अशक्यच असेल, कार्यक्रम ठरला असेल, तर वाद्य लांब पॉलिथिनच्या पिशवीत घाला, आत ओलसर स्पंज छिद्रांच्या डबीत घालून ठेवा, स्पंज लाकडाला टेकू देऊ नका, आणि पिशवीचे तोंड बांधा. दोन-तीन आठवड्यांत भेग अरुंद होत जाते. दर दोन दिवसांनी उघडून बुरशीचा वास येतो का पाहा. पण ही घाईची वाट आहे. मला निवड दिली तर मी थांबेन.

वेळ आली की पहिले काम सफाईचे. आतला फेविकॉल-भुसा पाण्याने भिजवून काढायचा मोह होईल. वाद्यावर गेरूचे रंग असतील तर ते पाण्याने सुटतात, म्हणून नको. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा आणि घडी घातलेला पॉलिश पेपर भेगेत फिरवून खरवडा. ताजे, कोरडे, मूळ रंगाचे लाकूड दोन्ही बाजूंना दिसेपर्यंत हे चालू ठेवा. तोंडाला मास्क असू द्या, या लाकडाची धूळ घशाला लागते. फेविकॉल का सुटला तेही सांगतो. तो दोन घट्ट बसलेल्या पृष्ठांमधला पातळ थर म्हणून उत्तम काम करतो, पण पोकळी भरणे हे त्याचे कामच नाही. वाळताना त्यातले पाणी उडते, तो आटतो आणि कडेपासून सुटतो.

सफाई झाली की काही न लावता ट्यूब गुंडाळून पाहा. बेताच्या ताणाने भेग पूर्ण मिटली तर काम सोपे. इपॉक्सी लावायची, गुंडाळायचे, सोडून द्यायचे. मिटली नाही तर शिकंजे लावून दाबून मिटवू नका. दाबून मिटवलेले लाकूड तो ताण विसरत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते भेगेच्या बरोबर समोरच्या बाजूला फुटते.

न मिटणाऱ्या भेगेत लाकडाची पाचर बसवायची. हे काम मला सगळ्यांत आवडते, आणि वाद्याचे आयुष्य यावरच ठरते. पाचर खोडापेक्षा मऊ लाकडाची हवी. उद्या निलगिरी फुगली तर चिरडायची ती पाचरीने, खोडाने नव्हे. मी जुन्या सागवानाची वापरतो. महालातले वाडे पाडतात तेव्हा दाराच्या चौकटी निघतात, पन्नास-साठ वर्षे वाळलेल्या. लकडगंजातल्या आरा मशीनवर मागितले तर सरळ रेषांचे तुकडेही मिळतात. पाचरीच्या रेषा वाद्याच्या लांबीला समांतर पाहिजेत. रंध्याने ती पातळ करत जा. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित जाड ठेवा आणि वर भेग जशी निमुळती होते तशी तीही निमुळती करा. भेगेत ती बोटांच्या दाबाने बसली पाहिजे. हातोडीला हात गेला तर समजा पाचर जाड आहे. तिला पुन्हा रंध्यावर घ्या.

इपॉक्सी संथ जातीची घ्या, अॅराल्डाइटची चोवीस तासांची चालेल. पाच मिनिटांत घट्ट होणारी नको, तिला लाकडात मुरायला वेळच मिळत नाही. दोन्ही नळ्यांतले पदार्थ सारख्या मापाने घेऊन दोन मिनिटे नीट घोटा. काम संध्याकाळी करा, ऊन उतरल्यावर. सकाळी लाकूड तापत जाते, त्यातली हवा पसरते आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड निवत जाते आणि तीच हवा आकसून इपॉक्सीला आत ओढते. एवढ्या एका बदलाने माझ्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडला.

आधी आतून पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली कापडाची गुंडाळी सरकवून भेगेच्या मागे टेकवा, म्हणजे ओघळ नळीत जाणार नाहीत. भेगेच्या दोन्ही भिंतींना नुसत्या इपॉक्सीचा हात द्या आणि दहा मिनिटे थांबा. कोरडे लाकूड ती पिऊन टाकते. मग उरलेल्या इपॉक्सीत चाळलेली लाकडाची भुकटी श्रीखंडाइतकी घट्ट होईपर्यंत मिसळा, ती भेगेत भरा, पाचर बसवा, वर पॉलिथिन, त्यावर ट्यूब. पॉलिथिन विसरलात तर ट्यूब वाद्याचाच भाग होईल. दुसऱ्या दिवशी सोडा, पण तीन दिवस वाजवू नका. बाहेर आलेली पाचर धारदार पटाशीने उतरवा आणि पॉलिश पेपर फक्त पाचरीवर चालवा.

रंगाबद्दल इथेच सांगायला हवे. डिजरिडू हे नाव बाहेरच्यांनी दिलेले आहे. अर्नहेम लँडच्या ईशान्येकडचे योल्ङू लोक याला यिडाकी म्हणतात, आणि त्यावरची चित्रे कित्येकदा त्या-त्या कुळाची असतात, कोणीही काढावीत अशी नसतात. भेग चित्रातून गेली असेल तर ती रेघ तशीच दिसू द्या. घासून पुन्हा रंगवण्याचा अधिकार आपला नाही. दुरुस्तीआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. पुढे कोणाला मूळ रूप पाहायचे असेल तर ते हाताशी राहील.

पाचर बसली की भेगेच्या वरच्या टोकाला, जिथे पेन्सिलीची रेघ आहे तिथे, दीड-दोन मिलिमीटरचे छिद्र पाडून तेही इपॉक्सीने भरा. भेगेचे अणकुचीदार टोक बोथट झाले की तिची पुढे धावण्याची ताकद कमी होते. त्यानंतर दोन ठिकाणी दोऱ्याचे बंध घाला, एक खालच्या टोकापासून तीन बोटांवर आणि एक भेगेच्या वरच्या टोकापाशी. बासरीवर जे दोऱ्याचे पट्टे असतात ते शोभेसाठी नसतात, बांबू फुटू नये म्हणून असतात. तीच रीत इथे. नायलॉनचा किंवा मेण न लावलेला घट्ट सुती दोरा एकाला एक लागून दोन सेंटीमीटर गुंडाळा आणि वरून पातळ इपॉक्सी मुरवा. चित्र असेल तिथे बंध घालू नका, जागा थोडी सरकवा.

आणि आता तेल. खालच्या टोकाची उघडी कड आधी इपॉक्सीचे दोन-तीन पातळ हात देऊन पूर्ण बंद करा. ओल जाण्या-येण्याचा मोठा दरवाजा तोच आहे. तुमच्या भावाने पहिल्याच दिवशी एवढे केले असते तर ही भेग कदाचित पडलीच नसती. आतल्या भिंतीला जवसाचे तेल द्या. विदर्भात जवस कमी नाही, पण खाण्याचे कच्चे तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहते. रंगाच्या दुकानातले डबल बॉइल्ड मागा. थोडे टर्पेंटाइन मिसळून आत ओता, वाद्य आडवे धरून फिरवा, उरलेले निथळू द्या. आठ दिवसांच्या अंतराने असे तीनदा. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गोळा करून ठेवलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती पाण्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.

मेणाचे तोंड सर्वांत शेवटी परत बसवा. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण आपल्या उन्हाळ्यात त्याच्या खूप आधीच मऊ पडते. म्हणून वाद्य मेणाच्या टोकावर कधी उभे करू नका. वाजवून झाल्यावर दहा मिनिटे रुंद टोक खाली ठेवून निथळू द्या, आतून काठीला बांधलेले कापड फिरवा, मग सुती गवसणीत घालून कपाटात आडवे ठेवा. पुढच्या मार्चपासून पावसापर्यंत गवसणीवर पॉलिथिनची एक पिशवी चढवा.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वाजवण्याआधी पुन्हा अंधारात दिवा लावून पाहा. मग ओठ सैल ठेवून मूळ स्वर धरा. कमी फुंकीत तो लगेच उठला आणि गोल श्वास घेताना, म्हणजे तोंडाने फुंकत असतानाच नाकाने हवा आत घेताना, मध्येच पडला नाही, तर वरची चीर नीट बुजली. जोर लावावा लागत असेल तर खालच्या भेगेवर संशय घेऊ नका, पुन्हा तोंडाकडचा वीतभर भाग तपासा. आणि ऑक्टोबरात भेगेची रुंदी तीन ठिकाणी मोजून मला कळवा, टोकाला, मध्ये आणि रेघेपाशी. पाचर किती जाडीची करायची ते त्या तीन आकड्यांवरून सांगता येईल.